पवनेचं पाणी कोणत्या समुद्राला जातं?

थेरगावात बसून समुद्राच्या प्रदूषणावर बोलायचं म्हणजे विषय जरा लांबचा वाटेल. म्हणून आधी एक साधा प्रश्न विचारते. केजुदेवी बंधाऱ्यावरून जे पाणी खाली पडतं, ते शेवटी कोणत्या समुद्राला जाऊन मिळतं? वर्गात हा प्रश्न मी अनेकदा विचारलेला आहे, आणि चटकन येणारं उत्तर 'अरबी समुद्र' हेच असतं. साहजिक आहे. सुट्टी पडली की आपण अलिबागला जातो, मुरूडला जातो. आपला समुद्र तो. सरळ रेषेत मोजलं तर तो इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण पवना त्याच्याकडे पाठ करून वाहते. मावळात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि पूर्वेला निघते.

तिच्याबरोबर जरा चालून बघू. पवना धरण, मग रावेतचा बंधारा, मग आपण, मग चिंचवडचा मोरया गोसावींचा घाट, पिंपरी, कासारवाडी, आणि दापोडीला ती मुळेत मिळते. पुण्यात संगमावर मुठा येते. ती मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. आपल्या शहराच्या दुसऱ्या कडेनं वाहणारी इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेत आलेलीच असते, आणि चाकणकडच्या भामेचं पाणीही भीमेतच. मग उजनी, पंढरपूर, सोलापूर जिल्हा, तिथून कर्नाटकात कलबुर्गी, यादगीर, आणि रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते. पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. आणि त्यानंतर बंगालचा उपसागर. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. जाता जाता सांगते, शेजारच्या मुळशी धरणाचं पाणी मात्र टाटांच्या वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडलं जातं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रात जातं. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब, एक रोह्याकडे आणि एक विजयवाड्याकडे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. पण तो विषय वेगळा.

तर आपला समुद्र, कागदोपत्री तरी, बंगालचा उपसागर आहे. तो एकट्या भारताचा नाही. बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, इंडोनेशिया, सगळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे. असा सामायिक समुद्र जमिनीवरून येणाऱ्या घाणीपासून वाचवायचा, तर देशादेशांत करार लागतो. आणि करार एकदा झाला की संपलं असं होत नाही. तो जुना होतो, तो दुरुस्त करावा लागतो. आज मला या दुरुस्तीबद्दल बोलायचं आहे. कारण समुद्राच्या करारांत जगाने जी एक दुरुस्ती शिकून घेतली, ती आपल्या नदीच्या करारात अजून झालेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

समुद्र घाण होतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जहाज येतं, तेलाचा तवंग येतो. जगाच्याही डोळ्यांपुढे आधी तेच आलं. 1967 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज फुटलं, वर्तमानपत्रं काळ्या पक्ष्यांच्या फोटोंनी भरली, आणि नंतरच्या दहा वर्षांत जहाजांबद्दल भराभर आंतरराष्ट्रीय नियम झाले. पण समुद्रातली बहुतेक घाण जहाजातून येत नाही, जमिनीवरून येते. साधारणपणे ऐंशी टक्के असा अंदाज सांगितला जातो. मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातून वाहून जाणारी खतं, प्लॅस्टिक. ही घाण नदीतून येते, गुपचूप येते, रोज येते. तिचा फोटो काढता येत नाही.

आणि तिच्यावर नियम करणं अवघड जातं, कारण जमीन कोणत्या ना कोणत्या सरकारच्या मालकीची असते. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायदा वाचला तर हा फरक अगदी शब्दांत दिसतो. जहाजांच्या बाबतीत तो म्हणतो, तुमचे कायदे आंतरराष्ट्रीय नियमांइतके तरी कडक हवेतच. जमिनीवरच्या प्रदूषणाचं कलम आहे 207. तिथे तो म्हणतो, कायदे करा, आंतरराष्ट्रीय नियम 'लक्षात घेऊन' करा. लक्षात घ्या! आपल्याकडे सोसायटीच्या सभेत 'सूचनेची नोंद घेण्यात आली' असं लिहितात ना, साधारण तसं.

म्हणून खरं काम झालं ते एकेका समुद्राच्या पातळीवर. भूमध्य समुद्राचं उदाहरण घेऊ. 1976 साली बार्सिलोनाला मूळ करार झाला. 1980 साली अथेन्सला खास जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणासाठी एक उपकरार झाला. पण त्याची हद्द कुठपर्यंत? नदीच्या मुखापाशी, जिथे खारं पाणी संपून गोडं सुरू होतं, तिथपर्यंत. त्याच्या वर नदीत काय चाललंय याची मोजदाद जिथल्या तिथे. सोळा वर्षांनी, 1996 मध्ये, सिसिलीतल्या सिराक्यूज इथे हा उपकरार बदलला. त्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल एकाच शब्दाचा आहे: हद्द आता 'खोरं' झाली. समुद्राला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचं सगळं पाणलोट क्षेत्र. म्हणजे समुद्र कधीही न पाहिलेलं, डोंगरातलं एखादं गावही कराराच्या कक्षेत आलं. शिवाय विषारी पदार्थांच्या नुसत्या याद्या देऊन न थांबता, कोणता उद्योग, किती वर्षांत, काय बंद करणार, याचे कार्यक्रम आले. ही दुरुस्ती प्रत्यक्षात लागू व्हायला 2008 उजाडलं. बारा वर्षं! देशांच्या संसदा आपल्या महापालिकांपेक्षा फार वेगवान असतात असा कुणाचा समज असेल, तर तो काढून टाका.

बाल्टिक समुद्राची गोष्ट याहून बोलकी आहे. तो जवळजवळ बंदिस्त समुद्र, त्यामुळे आत आलेली घाण बाहेर जायला वेळ लागतो. 1974 साली हेलसिंकीला सात देशांनी करार केला. मधे शीतयुद्ध, तरी दोन्ही गोटांतले देश एका कागदावर आले. 1992 मध्ये तो करार नव्याने लिहिला आणि सगळं खोरं हिशेबात धरलं. 2007 मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: समुद्राला किती नायट्रोजन आणि किती फॉस्फरस सोसेल याचा अंदाज काढला, आणि मग प्रत्येक देशाला सांगितलं, तुझ्या वाट्याला इतके टन कपात. 2021 पर्यंत समुद्र चांगल्या स्थितीत आणायचं ठरलं होतं. ते साधलं नाही. मग त्याच वर्षी जर्मनीत लुबेकला बसून आराखडा पुन्हा नवा केला. अपयश आल्यावर करार गुंडाळला नाही, करार दुरुस्त केला. दरम्यान सेंट पीटर्सबर्गसारख्या मोठ्या शहराने, जे कित्येक दशकं आपलं बरंच मैलापाणी तसंच सोडत होतं, मोठी शुद्धीकरण केंद्रं उभी केली. त्यांतलं एक 2005 साली सुरू झालं आणि त्यासाठी शेजारच्या देशांनीही पैसे दिले. का दिले? कारण दुसऱ्याच्या शहरातलं एक केंद्र आपल्या किनाऱ्याला जास्त उपयोगी पडतं, हे त्यांना हिशेबानं कळलं होतं.

आता आपल्या बाजूला या. दक्षिण आशियासाठी असा काही करार आहे का? आहे, पण तो आराखडा आहे, बंधनकारक करार नव्हे. मार्च 1995 मध्ये दिल्लीला दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती आराखडा मंजूर झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव हे पाच देश त्यात आहेत. कार्यालय कोलंबोला. जमिनीवरून येणारं प्रदूषण हा त्यातला एक मुख्य विषय आहे. पण त्याच्यामागे बार्सिलोनासारखा करार नाही, अथेन्ससारखा उपकरार नाही, आणि कुणाच्या वाट्याला किती टन असा तर विषयच नाही. म्यानमार आणि थायलंड, जे याच उपसागराच्या पलीकडच्या काठावर आहेत, ते या आराखड्यात नाहीत. त्यांच्यासह आठ देशांचा एक वेगळा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं चालवला, पण त्याचा भर मासेमारीवर.

बंगालच्या उपसागराचा प्राणवायूचा प्रश्न नाजूक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा, इतक्या नद्यांचं गोडं पाणी त्याच्यावर सायीसारखं पसरतं. साय हलकी, ती वरच राहते, आणि खालच्या पाण्यात हवा नीट मिसळत नाही. साधारण शंभर मीटरच्या खाली प्राणवायू अतिशय कमी असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की तो अगदी शून्याच्या उंबरठ्यावर आहे, पण अजून शून्य नाही. किंचित शिल्लक आहे. ते किंचितही संपलं, तर तिथले जीवाणू वेगळ्याच प्रकारे काम करू लागतील आणि समुद्रातल्या नायट्रोजनचं गणित बदलेल. आणि ते संपवण्याचा एक मार्ग म्हणजे नद्यांमधून जास्तीचं खत आणि मैलापाणी पाठवणं.

इथे तुमच्यातला कोणी हुशार श्रोता मला अडवेल. अडवायलाच पाहिजे. तो म्हणेल, "बाई, कृष्णेचं पाणी समुद्रापर्यंत पोचतंच किती?" अगदी बरोबर. वाटेत इतकी धरणं आहेत की 2000 नंतरच्या काही कोरड्या वर्षांत प्रकाशम बॅरेजच्या खाली जवळजवळ काहीच पाणी जात नव्हतं. मग आपली घाण समुद्राला पोचते असं कसं म्हणायचं? तर ती पावसाळ्यात, पुरात, एकदम जाते काही प्रमाणात. पण बरीचशी जातच नाही. ती उजनीत बसते. म्हणजे समुद्राच्या आधीचा आपला समुद्र उजनी आहे. सुमारे 117 टीएमसीचं ते धरण, 1980 साली पूर्ण झालेलं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या खाली ते असं आहे, जसं मोरीच्या खाली ठेवलेलं घंगाळ. वर तरंगणारी जलपर्णी, हिरवा तवंग, हे सगळं आपण पाठवलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं आहे. आणि सोलापूर शहर तेच पाणी पितं. बंगालच्या उपसागरातल्या कोळ्याबद्दल ज्यांना काही वाटत नाही, त्यांना सोलापूरच्या नळाबद्दल वाटायला हरकत नसावी. तिथे आपले नातेवाईक आहेत.

आता येते मूळ मुद्द्यावर. समुद्राच्या पातळीवर वाटाघाटीला बसतं ते दिल्लीचं सरकार. पण दिल्लीनं उद्या एखाद्या करारावर सही केली, तरी कृष्णा खोऱ्यात ती उतरणार कशी? देशाच्या आत राज्याराज्यांत या नदीबद्दल एक करार, म्हणजे खरं तर निवाडा, आधीच आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली 1969 मध्ये लवाद नेमला गेला, 1973 मध्ये त्यानं निर्णय दिला, 1976 मध्ये तो अंतिम झाला. महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्रला 800. हे आकडे आपल्याकडच्या राजकारणात पाठ असतात. पण त्याच निवाड्यात एक छोटं कलम आहे, पाणीवापर मोजायचा कसा याचं, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं सगळ्या निवाड्यातलं सर्वांत रंजक कलम वाटतं.

ते म्हणतं: खोऱ्यातल्या शहरानं पिण्यासाठी नदीतून जेवढं पाणी उचललं, त्याचा फक्त 20 टक्के भाग 'वापरला' असं धरायचं. आणि उद्योगानं जेवढं उचललं, त्याचा फक्त अडीच टक्के. का? कारण उरलेलं पाणी नदीला परत येतं. अंघोळीचं, धुण्याचं, संडासाचं, कारखान्यातून धुऊन निघालेलं. तर्क चोख आहे. शेतीत पाणी हवेत उडून जातं, जमिनीत मुरतं. शहरात ते नळातून येतं आणि गटारातून जातं.

आता आपल्या शहराचा हिशेब मांडू. सोयीसाठी धरा की शहर रोज पाचशे दशलक्ष लिटर उचलतं. वर्षाचं झालं साधारण साडेसहा टीएमसीला जरा कमी. निवाड्याच्या वहीत आपल्या नावावर किती लागले? सव्वा-दीड टीएमसीच्या मधे कुठेतरी. बाकीचे पाच टीएमसी आपण परत केले असं वहीत गृहीत आहे. चाकणच्या, पिंपरीच्या, भोसरीच्या कारखान्यांनी तर शंभरातले साडेसत्त्याण्णव परत केले. आणि कोणत्या अवस्थेत परत केले, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही.

शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली आणि महिन्यानं वाटीभर वाळू नेऊन दिली, आणि म्हटलं, वाटी भरलेली आहे की नाही बघा! उसनं फेडलं असं कोणी म्हणेल का? पण नेमकं असंच आपण पन्नास वर्षं म्हणत आहोत. यात लवादाला दोष देण्यात अर्थ नाही. 1973 मध्ये भांडण होतं ते पाणी किती यावर. त्या वर्षी महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत होता, थेरगाव हे शेतीचं गाव होतं, आणि पिंपरी-चिंचवड महापालिका व्हायला 1982 यायचं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर मागितलं, त्याचं उत्तर लवादानं दिलं. प्रश्न बदलला. करार जुना होतो म्हणजे हेच होतं. शब्द तेच राहतात, शब्दांखालची वस्तू बदलते. 'परत आलेलं पाणी' म्हणजे 1973 मध्ये एक गोष्ट होती, आज दुसरी आहे.

आपल्याकडे सामायिक विहिरीची पाळी असते ना, तसं समजा. आजोबांनी वाटणीपत्र केलं: थोरल्याची पाळी सोमवार-मंगळवार, धाकट्याची बुधवार-गुरुवार. तासांचा हिशेब चोख. त्यात 'विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुऊ नये' असं लिहिलेलं नाही, कारण तेव्हा फवारणीच नव्हती. आज थोरला तिथे पंप धुतो आणि म्हणतो, वाटणीपत्रात कुठे लिहिलंय? त्यानं वाटणीपत्र मोडलेलं नाही, हे खरंच आहे.

बच्छावत निवाड्यात 31 मे 2000 नंतर फेरविचार करता येईल, अशी तरतूद होती. म्हणजे दुरुस्तीचं दार लवादानंच उघडं ठेवलं होतं. 2004 मध्ये न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद नेमला गेला, 2010 मध्ये त्याचा निर्णय आला. त्यात एक स्वागतार्ह गोष्ट होती: नदी वाहती राहावी म्हणून तिन्ही राज्यांनी मिळून 16 टीएमसी पाणी बाजूला ठेवावं, असं म्हटलं. नदीचा स्वतःचा वाटा! छोटा, पण आहे. मात्र बाकीचा सगळा निर्णय पुन्हा किती या प्रश्नावरच आहे. आणि तोही राजपत्रात प्रसिद्ध होण्याआधी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडकला. मग आंध्रचं विभाजन झालं, तेलंगण आलं, वाटण्या पुन्हा नव्यानं मागितल्या गेल्या. म्हणजे वाटणीपत्राची दुरुस्ती चालू आहे, पण अजून तासांवरच.

लोक म्हणतील, प्रदूषणाचा कायदा वेगळा आहे की. आहे. महाराष्ट्रानं तर 1969 मध्येच स्वतःचा कायदा केला, देशाच्या 1974 च्या जल कायद्याच्या पाच वर्षं आधी. अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण 1974 चा कायदा राज्याराज्यांच्या मंडळांमार्फत चालतो. आपलं मंडळ दापोडीला काय मोजतं, त्याचा कर्नाटकाच्या मंडळाशी हक्काचा संबंध नाही. आता गंमत ऐका. त्याच कायद्यात, तेराव्या कलमात, लगतच्या राज्यांनी करार करून संयुक्त मंडळ स्थापावं अशी सोय आहे. आणि त्याच्याही आधी, 1956 च्या नदी मंडळ कायद्यात, आंतरराज्य नदीसाठी मंडळ नेमावं आणि त्यानं इतर गोष्टींबरोबर नदीच्या प्रदूषणाबद्दलही सल्ला द्यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्या कायद्याखाली आजवर किती मंडळं नेमली गेली? एकही नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. 351 पट्टे, त्यांतले 53 महाराष्ट्रात, देशात सर्वांत जास्त. पवना त्या यादीत आहे. पण यादी कशावरून ठरली? मुख्यतः बीओडीवरून. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, त्याचं ते माप. मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारनं 2017 मध्ये जे मानक ठरवलं, त्यातही बीओडी आहे, गाळ आहे, जंतू आहेत, नायट्रोजन-फॉस्फरस नाही. पुढे 2019 मध्ये हरित न्यायाधिकरणानं कडक मानक हवं, त्यात हे दोन्ही हवेत, असं म्हटलं. पण आपल्या शहरांतली बरीच केंद्रं त्याआधीच बांधलेली आहेत. हा नुसता तांत्रिक तपशील नव्हे. बीओडी सांगतं की नळीच्या तोंडाखाली आत्ता मासा जगेल का. नायट्रोजन-फॉस्फरस सांगतं की दोनशे किलोमीटर खाली, चार महिन्यांनी, उजनीत काय उगवेल. म्हणजे मानक लिहिणाऱ्याची नजर कुठपर्यंत गेली, ते त्या मानकातल्या रकान्यांवरून कळतं. आपल्या मानकात उजनी नाही, समुद्र तर नाहीच. म्हणून सगळी केंद्रं नियमाप्रमाणे चालली, आणि चालत नाहीत हा भाग वेगळा, तरीही खाली जलपर्णी येईल.

आता थोडं माझ्या विषयाबद्दल. डेरेक पारफिट नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ होते. त्यांच्या 1984 च्या पुस्तकात एक कल्पित उदाहरण आहे. हजार कैदी आहेत आणि हजार छळ करणारे. जुन्या पद्धतीत एकेकजण एकेका कैद्याला असह्य वेदना द्यायचा. मग त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येकजण एक बटण दाबतो, आणि त्यानं हजारही कैद्यांची वेदना इतकी किंचित वाढते की कुणाला जाणवूही नये. हजारांनी दाबल्यावर परिणाम तोच, असह्य वेदना. पण आता प्रत्येकजण म्हणू शकतो, मी कुणालाही जाणवेल असं काहीच केलं नाही. पारफिट विचारतात, हे म्हणणं पटतं का? पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगणं सोपंही नाही. आपला कपडे धुण्याचा साबण, एखाद्या छोट्या प्लेटिंगच्या शेडमधून रात्री सोडलेलं पाणी, एखाद्या सोसायटीचं बंद पडलेलं शुद्धीकरण केंद्र. एकेकट्याला सोलापुरात कुणी ओळखणार नाही. बंधाऱ्याखाली फेस दिसतो तेव्हा तो कुणाचा, या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून आपण 'अज्ञाताविरुद्ध' तक्रार करतो आणि घरी येतो.

माझ्या मते इथे दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोष शोधायला एक माणूस लागतो. जबाबदारी वाटून घ्यायला एक आकडा लागतो. बाल्टिकवाल्यांनी नेमकं हेच केलं. कोण पापी, हे ठरवत बसले असते तर पोलंड आणि स्वीडन आजही भांडत असते. त्यांनी समुद्राला किती सोसेल हा आकडा आधी धरला आणि मग तो वाटला.

आणि आपल्याला ही जबाबदारी का जाणवत नाही, याचं एक फार साधं कारण नकाशावर आहे. आपण पाणी रावेतला उचलतो, आणि आपलं सांडपाणी रावेतच्या खाली सोडतो. आपण जे सोडतो ते आपल्या तोंडात कधीच येत नाही. प्रत्येक शहरानं आपली पाणी उचलण्याची जागा आपल्याच नाल्याच्या खाली ठेवावी, अशी एक सूचना जुनीच आहे. अंमलात येणार नाही हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं, पण विचारप्रयोग म्हणून उत्तम आहे. उद्या थेरगाव-चिंचवडला दापोडीच्या खालचं पाणी प्यावं लागलं, तर किती दिवसांत नाले बंद होतील? आणि आपण उलट दिशेनं चाललो आहोत. धरणातून थेट बंद नळानं पाणी आणायची योजना आठवत असेल. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरला द्रुतगती मार्गावर आंदोलनात गोळीबार झाला आणि मावळातले तीन शेतकरी गेले. त्यानंतर काम वर्षानुवर्षं थांबलं. त्या योजनेच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, शुद्ध पाणी कुणाला नको? पण मावळातल्या शेतकऱ्याची भीती साधी होती: शहराला नदीची गरजच उरली नाही, तर नदीत पाणी सोडण्याची गरजही उरणार नाही. ती भीती मला अडाणी वाटत नाही. नदीशी आपला जो शेवटचा स्वार्थाचा धागा आहे, रावेतपर्यंतचा, तोही नळात गेला की नदी फक्त वाहून नेणारं गटार उरते. मग तिच्या काठावर कितीही सुंदर पायवाटा बांधा.

2016 मध्ये राज्य सरकारनं 'नमामि चंद्रभागा' योजना जाहीर केली. नाव पंढरपूरच्या नदीचं. वारकरी इथून, देहू-आळंदीहून, आकुर्डी-पिंपरी-दापोडीवरून चालत जातात आणि चंद्रभागेत स्नान करतात. आपण त्यांना चहा देतो, छत्र्या देतो, पाय दाबून देतो. आणि त्याच आठवड्यात नदीतून त्यांच्या पुढे काय पाठवतो, ते पालखीच्या आधी पंढरपूरला पोचलेलं असतं की नंतर, हा प्रश्न आहे. चंद्रभागा स्वच्छ करायची योजना पंढरपूरला सुरू होऊच शकत नाही. ती दापोडीला सुरू होते, तुळापूरला सुरू होते.

मग दुरुस्त करार कसा असेल? मी अभियंता नाही, पण रचना काय हवी हे सांगता येतं. पहिलं, 20 टक्के आणि अडीच टक्क्यांच्या त्या कलमाला एक अट जोडायची: ठरलेल्या दर्जाचं पाणी परत आलं, तरच ते परत आलं असं धरायचं. नाहीतर उचललेलं सगळं पाणी वापरलं म्हणून राज्याच्या वाट्यातून वजा. विचार करा, साडेसहाच्या जागी सव्वा टीएमसी नव्हे, पूर्ण साडेसहा वजा झाले, तर मुंबईतलं जलसंपदा खातं दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या महापालिकेत येऊन बसेल. आज प्रदूषण हा पर्यावरण खात्याचा विषय आहे, त्यामुळे कुणी घाबरत नाही. तो टीएमसीचा विषय झाला की सगळे घाबरतील. दुसरं, राज्याच्या सीमेवर टनांत मोजणी. केंद्रीय जल आयोग भीमेवर सोलापूर जिल्ह्यात टाकळीला आणि कर्नाटकात यादगीरला प्रवाह मोजतोच. तिथे वर्षाला किती टन नायट्रोजन गेला, हे दरवर्षी दोन्ही राज्यांनी मिळून प्रसिद्ध करायचं. तिसरं, 1974 च्या कायद्यातलं ते तेरावं कलम वापरून भीमेपुरतं तरी एक संयुक्त मंडळ. नवा कायदा नको, संसद नको, फक्त राज्यांच्या सह्या.

हे होईल का? लगेच नाही. सिराक्यूजच्या दुरुस्तीला बारा वर्षं लागली, तिथे तर देशांना एकमेकांचा धाक होता. आणि खालचं राज्य म्हणून कर्नाटकानं मागणी केली तरी आपलं पहिलं उत्तर काय असेल, ते मला माहीत आहे: आधी तुमचं अलमट्टीचं बोला. पण राज्यांच्या आधी एक पायरी आपल्या हातात आहे. पवना थेरगावात येते तेव्हा, आणि दापोडीला मुळेत मिळते तेव्हा, तिच्यात किती नायट्रोजन-फॉस्फरस आहे, हा फरक म्हणजे आपल्या शहराचं बिल. त्यासाठी कोणत्याही कराराची वाट बघावी लागत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ लागते, आणि दर महिन्याचे दोन आकडे पुलावरच्या फलकावर लिहायला एक माणूस. सोलापूरच्या लोकांना मग ते वाचायला इथे यावं लागलं, तरी चालेल.

इथे थांबते. आयोजक सांगतायत की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचा हात बराच वेळ वर आहे. बोला.